पॉइंट दोन वजा

मावशीने पंखवाली गाडी घेतली तर मिस्तरीला चार वर्षांत नऊ हजार एकशे पंच्याण्णव मिळणार होते. गाडी विकणाऱ्याकडून तीन हजार रोख, आणि पुढे त्या गाडीत जे जे सुटे भाग बदलले जातील त्यांवर दुकानाकडून शेकडा पंधरा. मावशीने बाणवाली घेतली तर त्याला मिळणार होते दोन हजार आठशे पाच. चाक काढायला दोन्ही गाड्यांना घाम तेवढाच लागतो. तेव्हा मित्रांनो, मिस्तरीला कोणती गाडी मनापासून आवडली असेल ते तुम्हीच सांगा.

हे आकडे मी घडाघडा म्हणतो याचं नवल वाटू देऊ नका. आकड्यांखेरीज मला दुसरं काही येतच नाही. मी एक जुना व्हर्निअर आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. खाली मोठा जबडा, वर दोन छोटे कान, मागे शेपटी. वस्तू बाहेरून मापायची तर जबड्यात धरायची, भोक आतून मापायचं तर कान आत घालायचे आणि खोली बघायची तर शेपटी सोडायची. मिलिमीटरचा दहावा भागही मला दिसतो. त्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही. समोर एखादी गोल वस्तू आली की माझा जबडा शिवशिवायला लागतो.

माझा जन्म हत्यारांच्या कारखान्यात झाला. पोलाद तापवलं, घासलं, अंगावर बारीक रेघा कोरल्या. शेवटच्या टेबलावर चष्मेवाल्या तपासनिसाने माझा जबडा मिटला आणि दिव्यासमोर धरला. फटीतून उजेडाची तिरीपसुद्धा आली नाही. त्याने कागदावर लिहिलं, शून्य. तुमच्या प्रगतिपुस्तकात शून्य आलं तर घरी काय होईल ते मला ठाऊक आहे. पण आमच्या जातीत याहून मोठी पदवी नाही.

तिथून मी आलो तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात. मालक तेव्हा तरुण होता. दुकानात बसायला खुर्ची नव्हती, खोक्यावर बसायचा. पण खुर्चीआधी त्याने मला विकत घेतलं. काचेच्या काउंटरमागे छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर डबे, खिळ्यांना लटकलेले रबरी पट्टे आणि सगळ्यावर ग्रीसचा वास. गाड्यांच्या कंपन्यांची इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत, म्हणून मी त्यांना नाकावरच्या खुणेने ओळखतो. एकीच्या नाकावर पंख, दुसरीच्या बाण, तिसरीच्या वर्तुळ. डब्यांवरही त्याच खुणा.

दुकानाची कामाची पद्धत न्यारी होती. गिऱ्हाईक जुना, झिजलेला भाग आणून काउंटरवर ठेवायचं. मालक डबा शोधायच्या आधी मला हातात घ्यायचा. बाहेरून किती, आतून किती, जाडी किती. असं मापता मापता त्याला आणि मला एक गुपित कळलं. पंखवालीच्या चाकाचं बेअरिंग आणि बाणवालीच्या चाकाचं बेअरिंग एकच होतं! बाणवालीच्या बेअरिंगवर बनवणाऱ्याचा नंबर ठसठशीत कोरलेला, पंखवालीच्या बेअरिंगवर त्याच जागी घासून गुळगुळीत केलेलं. बाणाच्या डब्यात नऊशे, पंखांच्या डब्यात सव्वीसशे. वरचे सतराशे कशाचे, तर पंखांचे.

तेव्हाचा मालक हे सांगून टाकायचा. "डबा काय बघतोस? डबा काय चाकात घालणार आहेस?" असं म्हणून स्वस्त डबा पुढे सरकवायचा. लोक खूश. लांबून लांबून यायचे. आकडा सांगताना मालक प्रत्येक वेळी 'पॉइंट' म्हणायचा म्हणून त्याला पॉइंटशेठ नाव पडलं. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता. लोक म्हणायचे, "पॉइंटशेठच्या व्हर्निअरने सांगितलं ना? मग संपलं."

मग मी पडलो. फोन घ्यायला मालक वळला, कोपर लागलं आणि मी जबड्यावर आपटलो. फरशी दगडी होती. मला उचलून मालकाने जबडा मिटला, तर मी शून्य दाखवीना. पॉइंट दोन दाखवलं. जबड्याचं टोक केसभर वाकलं होतं. कान शाबूत होते, शेपटी शाबूत होती. पण बाहेरून घेतलेलं माप त्या दिवसापासून पॉइंट दोनने जास्त यायला लागलं.

नवा व्हर्निअर घ्यायला तेव्हा गल्ल्यात पैसे नव्हते. जुन्यात खोट आहे हे कळलं असतं तर गिऱ्हाइकं फुटली असती. मालकाने मधला रस्ता काढला. माझ्यावरचा आकडा वाचायचा, मनातल्या मनात पॉइंट दोन वजा करायचं आणि उरलेला आकडा मोठ्याने सांगायचा. त्याचे ओठ तेवढे हलायचे. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. मित्रांनो, तुमच्या एका खोडीवर कुणी इतकी वर्षं पांघरूण घातलं तर तुम्हाला बरं वाटेल. मला नाही वाटलं. प्रत्येक मापाला मी थोडं खोटं बोलायचो आणि कुणीतरी गुपचूप ते दुरुस्त करायचं. या चोरट्या भागीदारीत मला कधी स्वस्थता मिळाली नाही.

पुढे दुकान वाढलं. खुर्ची आली, संगणक आला आणि त्याच्याबरोबर बॅटरीवर चालणारा, पडद्यावर आकडे दाखवणारा एक तरणाबांड व्हर्निअरही आला. मला खालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे सुटे स्क्रू, आटलेलं पेन, कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली अशी मंडळी होती. खरं सांगायचं तर त्या नव्यालाही काम नव्हतं. आता मालक भाग मापत नव्हता, डब्यावरचा नंबर वाचत होता. मिस्तरी गिऱ्हाईक पाठवायचा, दुकान महाग डबा द्यायचं, मिस्तरीला शेकडा पंधरा जायचे. महाग डबा सगळ्यांना परवडत होता, एक विकत घेणारा सोडून. खरं बोलून कुणाच्याच पदरात काही पडत नव्हतं, म्हणून ते बंद झालं. आणि मी अंधारात पडून प्रत्येक पावलागणिक कान टवकारायचो. आता काढतील, आता काढतील. कुणी काढायचं नाही. ड्रॉवर उघडला तर पेन शोधायला.

अशाच एका दुपारी ती बाई आली. शाळेच्या मुलांची ने-आण करायची ती. सात मुलं तिला मावशी म्हणायची, म्हणून मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. तिची आधीची गाडी वर्तुळवाली. भाग स्वस्त, पण मिळायची मारामार. एका भागासाठी गाडी एकोणीस दिवस उभी राहिली आणि तेवढ्यात चार मुलांच्या आईबापांनी दुसऱ्या गाड्या लावल्या. ती मुलं परत गोळा करायला तिला वर्ष लागलं. आता ती गाडी कायमची बसली होती. हातात एका जुन्या गाडीपुरते पैसे होते आणि चुकायला जागा नव्हती.

ड्रॉवर बोटभर उघडा राहिला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं, थोडं दिसलंही. मिस्तरी आधीच काउंटरला रेलून उभा होता.

"मावशी, पंखवाली डोळे मिटून घ्या," तो म्हणाला. "गाडीचा मालक परगावी चाललाय. गाडी जेमतेम फिरलेली. आणि त्याच किमतीत ती बाणवाली बघितलीत ना? दुप्पट पळालेली. आजी आहे ती, आजी!"

"डोळे मिटून मी गाडी चालवत नाही, तर घेईन कशी?" मावशीने वहीचा कागद काउंटरवर पसरला. डावीकडे अकरा भागांची नावं, पुढे तीन रकाने, वर पंख, बाण आणि वर्तुळ काढलेलं. "भाऊ, चार वर्षांत गाडी हे अकरा भाग खाते. मी मागच्या गाडीचा हिशेब ठेवलाय. तिन्हींचे भाव सांगा."

"सगळे?" मालक.

"नाही, पहिलं अक्षर आवडेल त्याचे सांगा! सगळेच की."

मालकीणबाई बिलं करायला बसायच्या. त्या फिस्सकन हसल्या. मालकाने भाव सांगितले, मावशीने लिहिले, बेरीज केली. वर्तुळवाली सोळा हजार नऊशे. त्यापुढे मावशीने स्वतःच लिहिलं, 'आणि थांबायचे दिवस', आणि रकान्यावर फुली मारली. बाणवाली अठरा हजार सातशे. पंखवाली एक्केचाळीस हजार तीनशे. त्या एक्केचाळीस हजार तीनशेवर शेकडा पंधरा काढून त्यात तीन हजार मिळवा, म्हणजे मिस्तरीचा आनंद तुम्हाला कळेल.

मावशी कागदाकडे बघत राहिली. चांगली गाडी घ्यावी तर भाग गळा धरणार, स्वस्त भागांची घ्यावी तर गाडीच म्हातारी.

"अहो," मालकीणबाई म्हणाल्या, "चाकाचं बेअरिंग दोन्हींना एकच बसतं ना? तुम्हीच सांगायचात पूर्वी लोकांना."

"पूर्वीचं सोड. डबे वेगळे आहेत."

"डबे वेगळे आहेत ते मलाही दिसतंय, आंधळी नाही मी. आत काय आहे?"

मालक संगणकात काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागला. मालकीणबाईंनी दोन्ही डबे फोडले. नवा व्हर्निअर उचलला, तर त्याची बॅटरी मेलेली, पडदा कोरा. मग त्यांनी ड्रॉवर ओढला.

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्यावर उजेड पडला! पण आनंद व्हायच्या आत पॉइंट दोन आठवलं. माझी खोट त्यांना माहीत नव्हती. त्यांनी कान आत घातले: चौतीस, दोन्ही चौतीस. मग जबड्यात धरलं. "बाहेरून चौसष्ट पॉइंट दोन. आणि हे? हेही चौसष्ट पॉइंट दोन!"

मिस्तरी खो खो हसला. "वहिनी, चौसष्ट पॉइंट दोनचं बेअरिंग जगात कुणी बनवत नाही. दाखवा इकडे." त्याने माझा जबडा मिटला. "घ्या! तोंड मिटून गप्प बसला तरी पॉइंट दोन बोलतोय. खोटारडा आहे हा. मावशी, याच्या भरवशावर गाडी घेणार?"

इतक्या वर्षांचं गुपित एका क्षणात काउंटरवर सांडलं. मालकाची मान संगणकात आणखी खाली गेली. त्याने नुसतं "हो, बिघडलाय तो" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मिस्तरीचे पैसे वाचले असते, दुकानाचे त्याहून जास्त.

मावशी मात्र शांतपणे म्हणाली, "पण काय हो, थापाड्या माणूस दोघांबद्दल एकच थाप मारत असेल, तर ते दोघे जुळेच असणार ना?"

मालकाचे ओठ हलताना मला दिसले. बेरीज चालली होती की वजाबाकी, देव जाणे. शेवटी तो उठला आणि मला बायकोच्या हातातून घेतलं.

"पॉइंट दोन वजा करायचं," तो म्हणाला. "पडला होता. बाहेरून मापलं की पॉइंट दोन वजा. चौसष्टच आहे. जुळेच आहेत."

"आणि हे मला आज कळतंय!" मालकीणबाई.

"शेठ, तुम्ही तुमच्याच पायावर..." मिस्तरी पुटपुटला.

"तू चहा पी," मालक म्हणाला.

मग अकराच्या अकरा भागांचे डबे खाली आले. मी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होतो. एकदा मालक मापायचा, एकदा मालकीणबाई. जबडा उघड, मीट, उघड, मीट. सात भाग जुळले. तीन काही केल्या जुळेनात. उरले ब्रेकचे पॅड. पंखवालीचा पॅड मालकाने मापला. मी एकशे सोळा दाखवलं, त्याने वजा करून एकशे पंधरा पॉइंट आठ लिहिलं. बरोबर. तेवढ्यात कुणी गाडीचा दिवा मागायला आलं, म्हणून बाणवालीचा पॅड मालकीणबाईंनी घेतला. मी एकशे सोळा पॉइंट दोन दाखवलं. त्यांनी नव्या उत्साहात पॉइंट दोन वजा केलं आणि ओरडल्या, "एकशे सोळा!"

मालकाने दिवा कागदात गुंडाळता गुंडाळता सवयीने पुन्हा पॉइंट दोन वजा केलं. लिहिलं, एकशे पंधरा पॉइंट आठ. "जुळला," तो म्हणाला आणि खूण केली.

मी जिवाच्या आकांताने जबडा उघडून राहिलो. पण आमची जात दाखवते, बोलत नाही. दाखवलेलं कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही.

आठ भाग बाणाच्या डब्यातून, तीन पंखांच्या डब्यातून. पंखवालीचा खर्च बावीस हजार चारशेवर आला. मावशीने पंखवाली घेतली. मला पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं नाही, काउंटरवर ठेवलं. लोकांनी ऐकलं होतं ना! भाग मापून घ्यायला दुरून लोक यायला लागले. मला सोन्याचे दिवस आले, आणि मला एक क्षण चैन नव्हतं. मावशीची गाडी दुकानावरून गेली की मी तिच्या चाकांचा आवाज ऐकत बसायचो. जुने पॅड झिजायला किती दिवस लागतील, याचा हिशेब करायचो.

पाच महिने लागले.

मावशीने आठवणीने बाणाच्या डब्यातले पॅड नेले, मिस्तरीने बसवले. तिसऱ्या दिवशी ती आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅड घेऊनच. तिचे हात काळे झाले होते.

"शाळेच्या फाटकापाशी जळका वास आला," ती म्हणाली. "उतरून बघते तर चाकाजवळ हात धरवेना. सातही मुलांना उतरवून भिंतीला लावून उभं केलं. धूर येत होता, भाऊ. एकीची आई समोरच उभी होती. तिने बघितलं."

"मुलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मुलं मजेत. त्यांना वाटलं, सुट्टी मिळाली."

मालकाने मला उचललं. बाणाचा पॅड, पंखांचा पॅड. एकशे सोळा पॉइंट दोन, एकशे सोळा. त्याचा चेहरा उतरला. ब्रेक सोडला तरी पॅड खाचेत अडकून राहत होता आणि चाकाच्या चकतीला घासत होता. चकत्या तापून निळ्या पडल्या होत्या.

"हा खोटारडा!" मालक ओरडला आणि त्याने मला भंगाराच्या टोपलीवर धरलं.

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याने तेव्हा जे दाखवलं तेच आज दाखवतोय. त्या दिवशी वजा मी केलं होतं."

"तू? तू कशाला केलंस? मी करतो ना!"

"मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात ना, वजा करायचं! कुणी करायचं ते कुठे सांगितलंत? सगळं आपलं मनातल्या मनात!"

मालक मला तसाच हातात धरून उभा राहिला. दारात मिस्तरी होता. मला वाटलं, हा आता नाचेल. तो खाली बघत म्हणाला, "बसवताना घट्ट लागत होते. म्हटलं, पॉइंटशेठने मापलेत, मग बघू गंमत. हातोडीचे दोन टोले घातले."

"टोले घालायला हात चालला," मावशी म्हणाली, "आणि सांगायला तोंडाला कुलूप लागलं होतं?"

तो टोला मिस्तरीला लागला. मलाही लागला. पाच महिने मलाही माहीत होतं.

मालकाने मला टोपलीत टाकलं नाही. त्याने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर ठळक लिहिलं आणि माझ्या अंगावर डकवला: 'बाहेरून: पॉइंट दोन वजा. लिहिणाऱ्याने करायचं, वाचणाऱ्याने नाही.' आता दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझी खोट वाचतं. पहिल्या दिवशी लाजेने मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, जबडा पूर्वीइतका शिवशिवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखं एखादं म्हातारं हत्यार असेल. थोडं वाकलं म्हणून ते फेकू नका आणि वाकलेलं नाही असं ढोंगही करू नका. त्याची चूक त्याच्याच अंगावर लिहून ठेवा, म्हणजे ते आणखी कितीतरी वर्षं खरं बोलेल. आणि हात लावल्यावर काही घट्ट लागलं तर हातोडी घ्यायच्या आधी तोंड उघडा.

आता शेवटचा हिशेब. मालकाने नवे पॅड दिले, तीन हजार शंभर. दोन चकत्या, पाच हजार चारशे. गाडी दोन दिवस उभी राहिली, तेवढ्यापुरती मुलांसाठी भाड्याची गाडी, बाराशे. एकूण नऊ हजार सातशे, सगळे मालकाच्या गल्ल्यातून. मिस्तरी मिळवणार होता त्यापेक्षा पाचशे पाच जास्त. मिस्तरीने मजुरी घेतली नाही आणि त्या गाडीच्या भागांवरचे शेकडा पंधराही सोडले. विकणाऱ्याचे तीन हजार मात्र त्याने परत केल्याचं मी ऐकलेलं नाही. पॅड पंखांचेच घ्यायचे धरले तरी मावशीचे चार वर्षांत सतरा हजार दोनशे वाचतील.

फक्त फाटकापाशी उभ्या असलेल्या त्या आईने दुसऱ्या दिवसापासून आपल्या मुलीला दुसरी गाडी लावली. मावशीने त्याबद्दल दुकानात अवाक्षर काढलं नाही. मला कळलं ते तिच्या कागदावरून. अकरा भागांच्या खाली तिने बारावी ओळ लिहिली आहे: 'मागची डावी जागा, रिकामी.' पुढे भाव लिहिलेला नाही. तो ती दर महिन्याला भरते.